संबोधनाचे राजकारण : स्त्रीवादी निषेधगीताची एक चिकित्सा

१

निषेधगीताविषयी लिहिताना आपल्या समीक्षेला दोन वाटा सवयीच्या झाल्या आहेत. पहिल्या वाटेने जाणारा समीक्षक गीताची संहिता कागदावर उतरवून घेतो, तिच्यातील प्रतिमा, लय आणि भाषेची घनता तपासतो, आणि कविता म्हणून ती उणी ठरते असा निर्णय देतो. दुसऱ्या वाटेने जाणारा तीच संहिता सामाजिक दस्तऐवज म्हणून हाती घेतो, तिच्यातील वेदनेची व बांधिलकीची नोंद करतो, आणि कलामूल्याचा प्रश्न सौजन्याने बाजूला ठेवतो. कलावाद आणि जीवनवाद यांच्या जुन्या वादाचीच ही दोन टोके आहेत. परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांचे एका बाबतीत मात्र एकमत असते. गीताचे सार त्याच्या आशयात आहे, आणि गीत म्हटले जाण्यापूर्वीच तो आशय सिद्ध असतो, असे दोघेही गृहीत धरतात. ते गीत कोणी, कोठे आणि कोणाला उद्देशून म्हटले, हा तपशील मग निव्वळ प्रसंगवर्णनापुरता उरतो.

स्त्रीवादी निषेधगीत आणि त्याला जोडून येणारा प्रयोग यांच्या बाबतीत हा तपशीलच रचनेचा गाभा असतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. अशा रचना बहुधा नवा वाङ्मयप्रकार निर्माण करीत नाहीत. समाजात आधीच रुजलेला, अधिकार लाभलेला एखादा उक्तिप्रकार त्या उचलतात : प्रार्थना, पोलीस दलाचे गौरवगीत, दवंडी. त्या उक्तिप्रकारात स्त्रीची जागा ठरलेली असते. तिच्याविषयी बोलले जाते, तिच्या वतीने बोलले जाते, फार तर तिला उद्देशून बोलले जाते. पण बोलण्याचा रोख कोणाकडे असावा हे ठरविण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. निषेधगीत त्या उक्तिप्रकाराचे रूप पुष्कळसे तसेच ठेवते आणि त्याचे संबोधन बदलते. या कृतींचे राजकारण प्रामुख्याने या बदलात आहे, आणि त्यांच्या कलात्मकतेचा विचारही तेथूनच सुरू व्हावयास हवा. या भूमिकेच्या कसोटीसाठी येथे दोन कृती घेतल्या आहेत : मॉस्को येथील 'पुसी रायट' या गटाची २०१२ मधील 'पंक-प्रार्थना' आणि चिलीतील 'लास तेसिस' या गटाचा २०१९ मधील 'तुझ्या वाटेतला बलात्कारी' हा प्रयोग.

२

२१ फेब्रुवारी २०१२ रोजी 'पुसी रायट' या गटातील पाच स्त्रिया मॉस्कोच्या त्राता ख्रिस्ताच्या कॅथीड्रलमध्ये शिरल्या. डोळे आणि तोंड तेवढे उघडे ठेवणाऱ्या रंगीत विणलेल्या टोप्यांनी त्यांनी चेहरे झाकले होते. वेदीपुढच्या ज्या उंचवट्यावरून धर्मगुरू बोलतात आणि जेथे सामान्य भाविक स्त्रीने पाऊल ठेवणे अपेक्षित नाही, तेथे त्या चढल्या. उड्या मारल्या, हवेत मुठी उगारल्या, गुडघे टेकून क्रुसाची खूण केली, काही ओळी ओरडून म्हटल्या. मिनिटभराच्या आतच रखवालदारांनी त्यांना बाहेर काढले. त्यानंतर या दृश्यांना मॉस्कोतीलच येलोखोवो येथील कॅथीड्रलमध्ये टिपलेल्या दृश्यांची जोड देऊन आणि ध्वनिमुद्रित गीत चढवून एक चित्रफीत प्रसृत करण्यात आली. जगाने 'पंक-प्रार्थना' म्हणून जे पाहिले ते ही चित्रफीत होय.

स्थळाची निवड यदृच्छेने झालेली नव्हती. स्टालिनच्या राजवटीत १९३१ साली हे कॅथीड्रल सुरुंग लावून पाडण्यात आले. १९६० पासून त्या जागी उघड्यावरचा प्रचंड पोहण्याचा तलाव होता. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर ते पुन्हा बांधण्यात आले आणि २००० साली त्याचा अभिषेक झाला. ही वास्तू धर्मस्थळ आहे, त्याचबरोबर राज्यसत्ता आणि चर्च यांच्या नव्या सख्याचे ते स्मारकही आहे. ४ मार्च २०१२ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक व्हावयाची होती, आणि ८ फेब्रुवारीला, उमेदवार असलेल्या पुतिन यांच्या उपस्थितीत, कुलगुरू किरिल यांनी देश आधीच्या अरिष्टातून सावरला हा ईश्वराचा चमत्कार होय असे सांगून त्याचे श्रेय पुतिन यांना दिले होते. ईश्वराच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती येथे ईश्वराच्या नावाने प्रजेशी बोलत होती, आणि त्या बोलण्याचा लाभ राज्यकर्त्याला होत होता.

या पार्श्वभूमीवर गीताची रचना पाहावी. तिचे दोन थर आहेत. धृपद संथ, समूहस्वरात म्हटलेले आहे, आणि त्याची चाल सर्गेई रखमानिनॉव्ह यांच्या १९१५ मधील 'रात्रजागर' या धर्मसंगीतरचनेतील मेरीस्तोत्रावर बेतलेली आहे. कडवी मात्र पंकसंगीताच्या धसमुसळ्या, ओरडत्या शैलीत आहेत. त्यांत चर्चमधील संपत्ती, स्त्रीच्या शरीरावरील नियंत्रण, सत्तेपुढची लाचारी यांचा पाढा वाचलेला आहे. धृपदातील मागणी मेरीकडे आहे : तिने पुतिन यांना घालवावे, आणि पुढे, तिने स्वतः स्त्रीवादी व्हावे. विडंबन म्हणून या रचनेकडे पाहिले तर धृपदाच्या चालीचा उलगडा होत नाही. विडंबनात मूळ चालीला धक्का बसतो, तिचा तोल जातो. येथे धक्का कडव्यांत आहे. धृपद प्रत्येक वेळी पुन्हा प्रार्थनेच्या स्वरात परतते. ऑर्थोडॉक्स परंपरेत देवमाता ही दुबळ्यांची कैवारी आणि त्यांच्या वतीने रदबदली करणारी मानली जाते. बलवंतांविरुद्ध तिच्याकडे गाऱ्हाणे नेणे हे त्या परंपरेच्या बाहेरचे नाही. परंपरेबाहेरची गोष्ट ही की, हे गाऱ्हाणे धर्मगुरूच्या मध्यस्थीवाचून, त्याच्याच जागेवर उभे राहून आणि त्याच्याच विरुद्ध मांडले गेले. कुलगुरू ईश्वराच्या वतीने प्रजेशी बोलले होते. या स्त्रिया प्रजेच्या वतीने देवमातेशी बोलल्या. संबोधनाची दिशा उलटली, आणि मधल्या माणसाची जागा रिकामी झाली.

३

या कृतीची सर्वांत तपशीलवार समीक्षा न्यायालयात झाली, हे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखे आहे. नादेझ्दा तोलोकोन्निकोवा, मारिया अल्योखिना आणि येकातेरिना सामुत्सेविच या तिघींना मार्च २०१२ मध्ये अटक झाली, आणि १७ ऑगस्ट २०१२ रोजी 'धार्मिक द्वेषातून केलेली गुंडगिरी' या आरोपाखाली प्रत्येकीला दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. हा खटला वाचताना, कायद्याच्या भाषेआड जे प्रश्न चर्चिले गेले ते आपल्या ओळखीचे वाटतात. कृती नेमकी कोणती : कॅथीड्रलमधले ते अर्धे-पाऊण मिनिट, की नंतर जुळविलेली चित्रफीत? ती कोणत्या प्रकारात मोडते : प्रार्थना, गीत, कलाप्रयोग की दांडगाई? तिचा हेतू संहितेतून ठरवावा की प्रयोगातून?

अभियोगपक्षाची आणि न्यायालयाची भूमिका अशी की, पुतिन यांचा उल्लेख चित्रफितीत आहे, प्रत्यक्ष कॅथीड्रलमध्ये राजकीय घोषणा नव्हत्या. म्हणून हेतू राजकीय नव्हे, धर्मद्वेषाचा होता. प्रयोग आणि संहिता यांची अशी फारकत केली की प्रयोगात उरतात ती केवळ उड्या मारणारी शरीरे, आणि संहितेत उरतात ते केवळ शब्द. शरीरांना शिक्षा करता येते आणि शब्दांचे राजकारण विचारात घेण्याची गरज राहत नाही. भाषेच्या तज्ज्ञांकडून तीन वेळा अहवाल मागविण्यात आले. पहिल्या दोहोंत धार्मिक द्वेषाची चिन्हे आढळली नाहीत. तिसऱ्यात आढळली, आणि निकालाने तिसऱ्याचा आधार घेतला. कामकाजात सातव्या शतकातील त्रुल्लो धर्मपरिषदेच्या नियमांचाही दाखला दिला गेला. निकालपत्रात स्त्रीवादाचा पुरस्कार हा गुन्हा नाही असे म्हटले आहे, आणि लगोलग तो ऑर्थोडॉक्स धर्माशी विसंगत आहे असेही म्हटले आहे. न्यायालयाने येथे कायद्याचा अर्थ लावला, त्याबरोबरच प्रार्थना कोणाला करता येते याचाही निर्णय दिला.

जे. एल. ऑस्टिन यांची कृतिरूप उक्तीची संकल्पना येथे उपयोगी पडते. ऑस्टिन यांच्या मते काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, त्या एक कृती घडवितात. परंतु ती कृती सफल होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य स्थळ आणि मान्य रीत यांची जुळणी लागते. रंगमंचावर वा कवितेत उच्चारलेली कृतिरूप उक्ती त्यांनी एका विशेष अर्थाने पोकळ मानली आणि आपल्या विचारातून वगळली. 'पंक-प्रार्थना' नेमकी या वगळलेल्या प्रदेशात उभी राहते. न्यायालयाच्या दृष्टीने व्यक्ती अनधिकृत, जागा निषिद्ध, वेश आणि रीत अमान्य. म्हणून प्रार्थना निष्फळ. ती निष्फळ असेल तर ती पोकळ उक्ती झाली, आणि पोकळ उक्तीने कोणाचे काय बिघडते? पण त्याच उक्तीने भाविकांची श्रद्धा दुखावली गेली असेही न्यायालय म्हणते. प्रार्थना म्हणून जी उक्ती घडलीच नाही, ती अपमान म्हणून पूर्णपणे घडली, असा हा निर्णय आहे. उक्तीची सफलता ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न ऑस्टिन यांच्या विवेचनात तांत्रिक वाटतो. येथे त्याचे उत्तर दोन वर्षांच्या कारावासाने दिले गेले.

कृतीच्या सीमा आखण्याचे काम अपिलातही चालू राहिले. सामुत्सेविच यांना रखवालदारांनी त्या प्रत्यक्ष सहभागी होण्यापूर्वीच बाजूला केले होते. या कारणास्तव १० ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांची शिक्षा स्थगित करून त्यांना सोडण्यात आले. उरलेल्या दोघी डिसेंबर २०१३ मधील माफीनंतर बाहेर आल्या. त्याच वर्षी भाविकांच्या भावना दुखावण्याविषयीचा कायदा रशियात अधिक कडक झाला होता. पुढे १७ जुलै २०१८ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या खटल्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. प्रार्थनास्थळी वर्तनाचे नियम मोडल्याबद्दल काही कारवाई समर्थनीय ठरू शकते, परंतु कारावास हे तिचे रूप असू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. मात्र 'अभिव्यक्ती' या व्यापक शब्दाखाली प्रार्थनेचा प्रश्न तेथेही मिटला, सुटला नाही.

४

निकालाचा निषेध करणे सोपे आहे. त्याहून अवघड प्रश्न कॅथीड्रलमधील तिसऱ्या श्रोत्याचा आहे. उक्ती देवमातेला उद्देशून होती आणि कुलगुरूने ती ऐकावी अशी अपेक्षा होती. पण त्या क्षणी तेथे प्रत्यक्ष उपस्थित होती ती मेणबत्त्या विकणारी एक स्त्री, काही रखवालदार, मोजके भाविक. खटल्यात 'पीडित' म्हणून उभे राहिले ते हेच लोक. त्यांच्या साक्षींचा राज्यसत्तेने वापर करून घेतला यात शंका नाही, पण त्यामुळे त्यांचे दुखावले जाणे खोटे ठरत नाही. स्त्रियांच्या वतीने उच्चारलेल्या प्रार्थनेला जी पहिली श्रोती लाभली ती चर्चमध्ये राबणारी स्त्रीच होती, आणि तिला ते बोलणे आपल्या वतीने वाटले नाही.

या अडचणीची जाणीव आरोपींना होती. आकस्मिक राजकीय पंक-प्रयोगाचा जो प्रकार आपण विकसित केला तो मंदिरात आणला, ही आपली नैतिक चूक झाली, असे तोलोकोन्निकोवा यांच्या न्यायालयात वाचल्या गेलेल्या निवेदनात म्हटले होते. चूक मान्य करताना त्यांनी आशयाबद्दल माघार घेतली नाही. त्यांचा शब्द कलाप्रकाराविषयीचा होता. एका स्थळी अर्थपूर्ण असलेला प्रकार दुसऱ्या स्थळी नेला की त्याचे श्रोते बदलतात, आणि श्रोते बदलले की उक्ती बदलते. चौकात पंक-प्रयोग पाहणारा माणूस थांबू शकतो वा निघून जाऊ शकतो. प्रार्थनास्थळी आलेली व्यक्ती आधीच दुसऱ्या एका संबोधनात गुंतलेली असते. ही समीक्षा अभियोगपक्षाच्या समीक्षेपेक्षा सूक्ष्म आहे.

परदेशातील पाठीराख्यांनी दुसऱ्या बाजूने हेच टाळले. त्यांच्या लेखी 'पंक' महत्त्वाचे होते, 'प्रार्थना' हा केवळ उपरोध. रंगीत टोप्या हे त्यांच्यासाठी बंडखोरीचे सुटसुटीत चिन्ह झाले, आणि धृपदाची चाल कोणाच्या फारशी कानांवर आली नाही. न्यायालय म्हणाले, ही प्रार्थना नव्हे, हा द्वेष आहे. पाठीराखे म्हणाले, ही प्रार्थना नव्हे, ही थट्टा आहे. प्रार्थनेचा दावा दोघांनीही नाकारला. आरोपींनी मात्र स्वतःला विदूषकांच्या आणि कदाचित 'युरोदिवी'च्या परंपरेत ठेवले होते. युरोदिवी म्हणजे वेडाचे सोंग पांघरून सत्ताधीशाला सत्य सुनावणारा, रशियन लोकांनी संतपदी बसविलेला ख्रिस्तवेडा. मॉस्कोच्या लाल चौकातील सुप्रसिद्ध चर्च ज्या वासिलीच्या नावाने ओळखले जाते तो असाच एक युरोदिवी होता.

मराठी वाचकाला हा दावा समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठलाशी अरेतुरेचे भांडण आहे, त्याला उणेदुणे बोलणे आहे. आणि ते भक्तीच्या बाहेरचे आहे असे वारकरी परंपरेने कधी मानले नाही. देवाशी कडकडून भांडणे हा त्याच्याशी असलेल्या नात्याचाच पुरावा ठरतो. अर्थात हे साम्य फार ताणू नये. जनाबाईचे भांडण ज्या श्रद्धेच्या आत घडते तिच्याविषयी कोणाला संशय नाही, आणि ते भांडण संप्रदायाने शतकानुशतके गाऊन आपलेसे केले आहे. 'पंक-प्रार्थने'च्या मागे अशी सामूहिक स्वीकृती नव्हती. पण तिच्या प्रार्थनापणाचा निकाल स्वर उग्र आहे एवढ्यावरून लागत नाही, हे ओळखण्याची साधने आपल्या परंपरेत आहेत. तिचे अपयश उग्रतेत नव्हते. ज्यांनी 'आमेन' म्हणावे त्या सहभाविकांना आपल्या संबोधनात सामावून घेण्याची सोय तिच्या रचनेत नव्हती. मुखवट्यामागे कोणीही असू शकते, ही त्या रचनेतील कल्पना समूहाला आमंत्रण देणारी होती. प्रयोगाचे स्थळ मात्र ते आमंत्रण पोहोचू देत नव्हते.

५

ही सोय ज्या कृतीत पूर्णपणे साधली ती सात वर्षांनंतर दक्षिण अमेरिकेत घडली. चिलीतील व्हालपराइसो या बंदराच्या शहरी दाफ्ने वाल्देस, पाउला कोमेता, लेआ कासेरेस आणि सिबिला सोतोमायोर या चौघींचा 'लास तेसिस' हा गट काम करीत होता. नावाचा अर्थ 'सिद्धान्त' किंवा 'प्रबंध', आणि तेच त्यांचे कार्य : स्त्रीवादी विचारवंतांची एखादी मांडणी घ्यावयाची आणि तिचे अल्पावधीच्या प्रयोगात रूपांतर करावयाचे. याआधी त्यांनी सिल्व्हिया फेदेरिची यांच्या लेखनावर प्रयोग केला होता. यावेळी आधार होता अर्जेंटिनाच्या मानववंशशास्त्रज्ञ रिता सेगातो यांच्या विवेचनाचा. बलात्काराचे मूळ एकट्या पुरुषाच्या अनावर वासनेत शोधणे सेगातो यांना अमान्य आहे. पुरुषत्वाच्या एका सामाजिक आदेशाचे ते पालन आहे आणि त्यातून स्त्रीला 'धडा शिकविला' जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ऑक्टोबर २०१९ पासून चिलीत मोठा जनउठाव सुरू होता आणि पोलिसी अत्याचारांच्या, त्यांतही लैंगिक अत्याचारांच्या, तक्रारी येत होत्या. २० नोव्हेंबरला व्हालपराइसोच्या रस्त्यावर हा प्रयोग प्रथम झाला, आणि २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरील हिंसाचाराच्या विरोधातील आंतरराष्ट्रीय दिनी, राजधानी सांतियागोत झाला. त्याची रचना साधी आहे. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेल्या स्त्रिया रांगांत उभ्या राहतात, ठेका एकसुरी, हालचाली मोजक्या. त्यांतली एक हालचाल म्हणजे हात डोक्यामागे घेऊन उठाबशा काढणे. अटकेतील स्त्रियांना पोलीस विवस्त्र करून अशाच उठाबशा काढावयास लावतात, त्याचा हा निर्देश. आणि मग हात पुढे होऊन बोट रोखले जाते : तू.

या प्रयोगात संबोधनाचा बदल दोन ठिकाणी होतो. शीर्षक चिलीच्या 'काराबिनेरोस' या पोलीस दलाच्या जुन्या ब्रीदवाक्यावर बेतलेले आहे. त्या वाक्यात पोलीस हा नागरिकाच्या वाटेवरचा मित्र होता. प्रयोगात त्या दलाच्या गौरवगीतातील एक कडवेही जसेच्या तसे घेतले आहे; निष्पाप मुलीने निश्चिंत झोपावे, तिच्यावर प्रेम करणारा शिपाई पहारा देत आहे, असे आश्वासन त्यात आहे. ज्या 'तू'ला ते कडवे उद्देशून आहे ती मुलगी झोपलेली आहे. तिने उत्तर देणे त्या उक्तीत अपेक्षित नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या स्त्रियांच्या तोंडी तेच शब्द आले की झोपलेली मुलगी जागी झाल्याचे, आणि पहारेकऱ्याचे शब्द त्यालाच ऐकवीत असल्याचे जाणवते. शब्द एकही बदलला नाही, आणि अर्थ पूर्णपणे उलटला.

दुसरा बदल अल्थ्युसर यांच्या संदर्भात पाहता येतो. विचारप्रणाली व्यक्तीला 'हाक मारून' आपल्यात ओढून घेते, हे समजावून देताना अल्थ्युसर यांनी १९७० मधील निबंधात रस्त्यावरच्या पोलिसाचे उदाहरण घेतले होते : पोलीस हाक मारतो, माणूस वळून पाहतो, आणि त्या वळण्यातच तो सत्तेचा अंकित होतो. 'लास तेसिस'च्या प्रयोगात हाक मारणारी स्त्री आहे आणि वळून पाहण्याची पाळी पोलिसावर येते. त्याच्यामागोमाग न्यायाधीश, राज्यसंस्था, राष्ट्राध्यक्ष यांना एकेक करून हाक पोहोचते. सेगातो यांचा सिद्धान्त येथे आशय म्हणून सांगितलेला नाही. व्यक्तीकडून संस्थेकडे सरकणाऱ्या त्या बोटाच्या हालचालीत तो घडविलेला आहे. गीतात एकही नवी प्रतिमा नाही या कारणासाठी ते उणे मानणाऱ्या समीक्षेला हे दिसत नाही; कारण ती कागदाकडे पाहत असते आणि सिद्धान्त बोटात असतो.

कॅथीड्रलमध्ये न सुटलेला तिसऱ्या श्रोत्याचा प्रश्न येथे वेगळ्या रीतीने सुटतो. बघ्या स्त्रीला रांगेत उभे राहून बोलणारी होता येते. ठेका आणि हालचाली कोणालाही तासाभरात शिकता याव्यात इतक्या सोप्या आहेत, आणि हा साधेपणा कसबाच्या अभावातून आलेला नाही. ४ डिसेंबर २०१९ रोजी सांतियागोच्या राष्ट्रीय क्रीडागारासमोर हजारो स्त्रियांनी हा प्रयोग केला; चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना त्यासाठी विशेष आवाहन होते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर हेच क्रीडागार बंदिवासाचे आणि छळाचे केंद्र होते. हुकूमशाहीच्या काळात तरुण असलेल्या स्त्रियांनी तेथे रोखलेले बोट केवळ २०१९ च्या पोलिसांकडे नव्हते. संहिता तीच, पण स्थळाने आणि बोलणारीच्या वयाने तिच्यात एक इतिहास भरला. त्याच डिसेंबरमध्ये इस्तंबूलच्या रस्त्यावर हा प्रयोग पोलिसांनी उधळला, तेव्हा तुर्कस्तानच्या संसदेत विरोधी पक्षाच्या महिला सदस्यांनी बाके वाजवीत तो केला. कोणतेही चिन्ह मूळ संदर्भापासून सुटून पुनरुच्चारित होऊ शकते, किंबहुना त्यामुळेच ते चिन्ह असते, या देरिदा यांच्या प्रतिपादनाचे एवढे लौकिक उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र या सुलभतेची किंमतही नोंदविली पाहिजे. 'तू' जितका व्यापक होतो तितका तो निसटताही होतो. चिलीत त्या सर्वनामामागे एक विशिष्ट पोलीस दल, त्याचे गौरवगीत आणि विशिष्ट उठाबशा होत्या. प्रयोग जेथे हे संदर्भ न बदलता नुसता उचलला गेला तेथे उठाबशा निव्वळ नृत्यातली हालचाल झाल्या. पुनरुच्चार जिवंत राहिला तो जेथे स्त्रियांनी आपल्या पोलिसाचे, आपल्या न्यायालयाचे, आपल्या स्थळाचे संबोधन नव्याने बांधले तेथे. आणि संबोधिताला हाक ऐकू आली याची खूणही मिळाली : २०२० मध्ये काराबिनेरोसने 'लास तेसिस'विरुद्ध हिंसेला चिथावणी दिल्याची फिर्याद नोंदविली. ती पुढे टिकली नाही. पण ज्याला हाक मारली तो वळून पाहतो तेव्हा संबोधन पोहोचलेले असते.

६

या दोन कृतींच्या आधारे काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला असा की, निषेधगीताची 'परिणामकारकता' मोजण्याची रूढ रीत अपुरी आहे. गीतामुळे सरकार पडले का, कायदा बदलला का, असे विचारले तर मॉस्कोच्या कृतीनंतर कायदा अधिक कडक झाला असेच उत्तर येईल. परंतु एखाद्या उक्तिप्रकारावर कोणाची मालकी आहे हे एकदा उघडे पडले की तो प्रकार पूर्वीसारखा निरागस राहत नाही. पहारेकऱ्याचे ते कडवे चिलीत यापुढे कोणी म्हटले तर त्यामागे उठाबशांची स्मृती येणारच. दुसरा निष्कर्ष असा की, अशा कृतींचे मूल्यमापन शक्य आहे आणि ते झालेही पाहिजे. 'चळवळीचे गीत' म्हणून त्यांना सूट देणे हा त्यांचा सन्मान नव्हे. कसोटी मात्र संबोधनाची असावी : घेतलेल्या उक्तिप्रकाराची जाण किती खोल आहे, बदललेला रोख रचनेतून सिद्ध होतो की नुसता घोषित होतो, आणि ज्यांच्या वतीने बोलावयाचे त्यांना त्या बोलण्यात शिरण्याची वाट ठेवली आहे की नाही. या कसोटीवर 'पंक-प्रार्थना' पहिल्या दोन बाबतींत समर्थ आणि तिसऱ्या बाबतीत उणी ठरते. 'लास तेसिस'चा प्रयोग तिसऱ्या बाबतीत असामान्य आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र तो प्रत्येक नव्या स्थळी पुन्हा सिद्ध करावा लागतो.

ही कसोटी आपल्याकडील सामग्रीलाही लावून पाहण्याजोगी आहे. स्त्रीमुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या, ज्योती म्हापसेकर यांच्या 'मुलगी झाली हो' या नाटकाची चर्चा आजवर बहुधा त्याच्या विषयाच्या अंगाने झाली. पण त्या शीर्षकातील 'हो' हा संबोधनाचा प्रत्यय आहे. ती गावाला घातलेली साद आहे. मुलगा झाल्याची वार्ता मोठ्याने सांगावयाची आणि मुलगी झाल्याची हलक्या आवाजात, ही रीत असलेल्या समाजात दवंडीचा स्वर मुलीसाठी वापरणे हाच रचनेतला निर्णायक बदल आहे. एकाक्षरी 'हो'मध्ये जे घडते ते संहितेचा सारांश सांगून हाती लागत नाही. जात्यावरच्या ओव्यांपासून मोर्च्यातील गाण्यांपर्यंत मराठी स्त्रीच्या उक्तीचा फार मोठा ऐवज आपण आशयाच्या खात्यावर जमा करून ठेवला आहे. त्यातील प्रत्येक उक्ती कोणाला उद्देशून होती, कोणाला ऐकू जावी म्हणून होती आणि कोणी ऐकू नये म्हणून दळण्याच्या घरघरीत मिसळली होती, हे प्रश्न अद्याप पुरेसे विचारले गेलेले नाहीत. ते विचारल्याशिवाय निषेधाच्या काव्यशास्त्राला आपल्याकडे सुरुवात झाली असे म्हणता येणार नाही.